डाव्या कानातली वायर

दार लावण्याआधी काका ते एकदा पुन्हा उघडायचे. बिजागरी कशी बोलते ते ऐकायला.

पाणी पिण्याआधी पेल्याला टिचकी मारायचे.

कुणी पंखा बंद केला की बोलणं अर्धवट सोडून मान वर करायचे.

जमिनीवर वायर पडलेली असली तर पाय गुडघ्याइतका उचलून ती ओलांडायचे. बगळ्यासारखे. आम्ही हसायचो.

लिफ्टमध्ये कधीही शिरायचे नाहीत.

गाजर खायचे नाहीत. गाजर म्हणजे त्यांच्या लेखी हाड होतं.

आणि डाव्या कानात कायम फोनची वायर. "उजवा कान तुमचा," म्हणायचे. "डाव्यात कुणी बोलायचं नाही."

सगळे त्यांना खुडबुडकाका म्हणायचे. त्यांचं काम आवाजांचं. नाटकात कुणी जिना उतरलं, कुलूप उघडलं, हाड मोडलं, की तो आवाज काकांचा. हाडासाठी गाजर मोडायचे. आयुष्यभर रेडिओत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या स्टुडिओत यायला लागले. आमचा स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. इथे फोनवर ऐकायच्या मालिका तयार होतात. काकांनी ही जागा का निवडली ते मला फार उशिरा कळलं. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं.

मी साहित्याची पदवी घेऊन तिथे लिहायला गेले. पहिल्या दिवशी कुणी मला बसायला खुर्ची दिली नाही. मी काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. टेबलावर कुलपं, चामड्याचं पाकीट, वाळूचा ट्रे, एका पायाचे तीन बूट, सायकलचा पंप.

"चोरीचा माल नाही," काका म्हणाले. "बस. पण त्या बुटांवर नको. तो नायक आहे."

अशी आमची मैत्री झाली. ते माझ्या आजोबांच्या वयाचे होते. मला 'लेखिकाबाई' म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे.

मी भविष्यातली गोष्ट लिहीत होते. जमिनीखालची वसाहत. वर हवा उरलेली नाही. एक जुनं यंत्र हवा गाळून खाली सोडतं आणि त्यावर सगळे जगतात. शेवटच्या भागात ते यंत्र बंद पडतं. मग काही नाही. नुसती शांतता.

काकांनी पहिले भाग वाचले आणि चष्मा काढून पुसला.

"आमच्या वेळच्या रेडिओवरच्या भविष्यात आजारी माणूसच नव्हता," म्हणाले. "तुझ्या भविष्यात डॉक्टरच नाही."

"तुमचं भविष्य खोटं निघालं ना पण, काका." हे आमच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे दिग्दर्शिका. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या.

"निघालं."

"मग? लोकांना आता खरं ऐकायचंय."

"खरं ऐकायला पैसे कशाला देतील? खिडकी उघडली की फुकट ऐकू येतं."

"तुम्ही लोकांना फसवलंत," मी म्हणाले. "सगळं छान होणार म्हणून."

"फसवलं कसलं. आम्हीच फसलो होतो." ते पंपाचा दांडा खालीवर करत होते. फुस्स. "हे बघ. आपोआप उघडणारं दार. असली दारं घरोघरी येणार, आजार जाणार, माणसं दीडशे वर्षं जगणार. मी पंप मारायचो आणि मला ते दार दिसायचं. देवाशपथ दिसायचं. तुला तुझं दिसतं का?"

मला माझं फार स्पष्ट दिसायचं. तसं मी म्हणाले.

"मग भीती नाही वाटत?"

"गोष्ट आहे, काका."

त्यांनी डाव्या कानातली वायर बोटाने आत दाबली.

एकदा मी विचारलं, "सारखं काय ऐकता? गाणी?" त्यांनी वायर काढून माझ्या कानात घातली. घुर्रर्र. फुस्स. घुर्रर्र. फुस्स. मागे कुणीतरी पान उलटलं. बारीक खोकला आला. पुन्हा घुर्रर्र.

"हे काय आहे?"

"घर," काका म्हणाले.

मग सांगितलं. काकूंची फुफ्फुसं कडक होत चालली होती. त्यावर औषध नव्हतं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारं एक मशीन होतं. ते विजेवर चालायचं आणि रात्रंदिवस चालू ठेवावं लागायचं. मूलबाळ नव्हतं. दिवसा काकू एकट्या असायच्या. म्हणून काका सकाळी निघताना घरच्या फोनवरून स्वतःला फोन लावायचे आणि तो फोन मशीनशेजारी ठेवून यायचे. दिवसभर ती लाइन उघडी. घरच्या फोनमधून इकडचा आवाज मात्र ऐकू यायचा नाही, तो त्यांनी बंद करून ठेवला होता. "तिला आपली बडबड कशाला?" म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या कानाकडे बघून मी कधी हसले नाही. त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती. काका जिन्याकडे वळले.

"वीज गेली तर?" ते म्हणाले. "मी अडकणार मधल्या मजल्यावर आणि ती वर."

मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तोच ते ओरडले, "नळी!" मी एका पायावर थांबले. घरभर एक पारदर्शक नळी पसरली होती. मशीनपासून निघून, दिवाणखाना ओलांडून, स्वयंपाकघराला वळसा घालून ती काकूंच्या नाकापर्यंत गेली होती. काकांनी पाय गुडघ्याइतका उचलला आणि ती ओलांडली. बगळा मला तेव्हा कळला.

"ये गं," काकू म्हणाल्या. "घाबरू नकोस. साप नाहीये. आणि यांचं ओरडणं मनावर घेऊ नकोस. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं हे घरफोडी करतात. रोज नवं कुलूप आणायचे. किल्ली कशाचीच नाही."

त्यांचा आवाज फार सुंदर होता. दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागायचं, तरीही.

"ही जहाज होती," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"आकाशातलं जहाज," काकूंनीच सांगितलं. "यांच्या त्या मालिकेत. नव्या ग्रहाकडे निघालेलं. दर भागाच्या शेवटी मी म्हणायचे…" त्या थांबल्या. श्वास भरला. मग एकदम कुठलीतरी वेगळीच बाई बोलली. "सर्व प्रवासी निरोगी आहेत. प्रवास सुरळीत चालू आहे."

खोलीत दुसरं कुणी आहे का, ते मी वळून पाहिलं.

"आणि मध्येच खोकायची," काका म्हणाले. "तेव्हापासूनचा खोकला हा. मग आम्ही टेप कापायचो. ब्लेडने. जहाजाला खोकला कसा चालेल?"

"खोकल्याचे तुकडे जमिनीवर," काकू म्हणाल्या. "झाडूवाली ओरडायची." त्या हसायला लागल्या. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेना. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी नळीकडे बघत बसले.

खोकला थांबल्यावर काकूंनी माझ्या गोष्टीची चौकशी केली. मी चाचरत सांगितली. यंत्राचं सांगताना जीभ अडली. त्यांना उलट मजा वाटली.

"अहो, मग आपलं मशीन घ्या की! माझा आवाज आता कोण घेतंय? माझ्या मशीनचा घ्या. घरातलं कुणीतरी मालिकेत राहील."

"काहीतरीच," काका म्हणाले.

"काय काहीतरीच? पंप मारून असला आवाज येईल तुम्हाला? घुरघुर ऐका कशी आहे. तुमच्यापेक्षा बरी घोरते."

काकूंपुढे त्यांचं काही चालायचं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मशीनजवळ माइक लावून तो आवाज घेतला. स्टुडिओत काचेपलीकडे बसणाऱ्या रेकॉर्डिस्टने त्याची सलग वाजत राहणारी लांबलचक पट्टी केली. माझ्या वसाहतीत तो आवाज प्रत्येक प्रसंगाखाली वाजू लागला. ऐकणाऱ्यांनी कळवलं की अंगावर येतो. मॅडम खूश होत्या. काका त्या भागांचं काम करताना उजव्या कानाने तेच ऐकायचे आणि डाव्या कानानेही.

मग एका दुपारी मी काकूंकडे असताना वीज गेली.

पंखा मंद झाला. मशीनचा घुर्र अर्ध्यावर तुटला, आणि मशीनने किंचाळायला सुरुवात केली. एक लांब, सरळ, कानात घुसणारी शिट्टी. वीज तुटली की ते मशीन असं ओरडतं. मला माहीत नव्हतं. मी कान झाकले.

काका त्या दिवशी घरीच होते. कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवलेलं होतं, अशाच वेळेसाठी. ते त्याच्याकडे धावले. नळी ओलांडून. सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला. उलट्याच दिशेने जोर लावला. चावी फिरेना. पुन्हा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाले, "फिरव, फिरव," आणि मला जागा मात्र देईनात.

"सरका," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरून आल्या, चावी फिरवली, नळी काढून सिलिंडरला जोडली आणि मशीनचं बटण दाबून शिट्टी बंद केली. मग जमिनीवरच बसल्या. बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या.

"दर वेळी असंच," मला म्हणाल्या. "मला यांचीच भीती वाटते. मी सगळं करते, मग यांना पाणी देते."

काकांनी पाणी घेतलं. पेल्याला टिचकी मारली नाही.

खाली सोडायला आले तेव्हा जिन्यात थांबले.

"तुझ्या गोष्टीत ते यंत्र बंद पडायलाच हवं का?"

मी एक पायरी खाली उतरले.

"म्हणजे दुरुस्त होतंय, असं काही? कुणीतरी नवीन बनवतंय. एखादी मुलगी. आमच्यात असायची एक हुशार मुलगी. शेवटच्या क्षणी तार जोडायची."

"मॅडमना विचारते."

मी खरंच विचारलं. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या काही वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, पण मग आठ भाग लोकांना कशासाठी घाबरवलं आपण? तार जोडून? हसतील." मलाही ते पटलं. लिहिताना मला दुसरा शेवट दिसतच नव्हता. मी प्रयत्न केला. ती मुलगी लिहिली. ती तार जोडायची आणि मला तिचा राग यायचा.

काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"ठीक आहे. पडू दे बंद. पण तिच्या मशीनचा आवाज थांबवायचा नाही. चालू असलेलं चालू राहू दे. थांबणं मी वेगळं करून देईन. पंपाचं."

"पंपाचं कळेल लोकांना."

"कळू दे," काका म्हणाले. एवढ्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग हळू म्हणाले, "अगं, तिचं मशीन थांबल्याचा आवाज मी एकदा घेतला की तो असतो. मग तो कुठेतरी असतो."

शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगला काका लवकर येऊन बसले होते. टेबलावर पंप, त्याच्या तोंडाला रबराची गरम पाण्याची पिशवी बांधलेली, पिशवीभोवती जाड टॉवेल. दांडा वर ओढला की पिशवीतून घुर्र येत होता. खाली दाबला की फुस्स. हुबेहूब नव्हतं, पण जवळपास होतं. ते दांडा दर वेळी थोडा जास्त हळू ओढत होते. यंत्र थकत चाललं होतं. मी काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टच्या खोलीत बसून बघत होते. मला भीती वाटायला लागली होती. पंपाची.

मॅडमनी माइकवरून सांगितलं, "काका, फोनची खरखर येतेय. आजच्या दिवस बाहेर ठेवता? अर्ध्या तासाचं काम."

दाराबाहेर फोन ठेवायचा ट्रे होता. नियम सगळ्यांना होता, काकांना आजवर सूट होती. ते थोडा वेळ तसेच बसले. मग कानातली वायर काढली, फोनभोवती नीट गुंडाळली, बाहेर जाऊन ट्रेमध्ये ठेवून आले. लाइन चालूच ठेवली. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा डावा कान मला फार उघडा दिसला.

"आधी आहे ते वाजवून दाखव," मॅडम रेकॉर्डिस्टला म्हणाल्या.

रेकॉर्डिस्टने सकाळी एक काम केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. चांगला मुलगा आहे, काकांचे कष्ट वाचावेत म्हणून केलं असेल. काकूंच्या मशीनची पट्टी घेऊन ती त्याने हळू करत नेली होती आणि शेवटी तोडली होती. "हे ऐका मॅडम, कॉम्प्युटरवरच झालंय," म्हणाला आणि बटण दाबलं. पलीकडे काकांच्या खोलीतला स्पीकर चालू होता.

घुर्रर्र. फुस्स. घुर्र… र्र. फु…

काही नाही.

मी काचेतून काकांकडे बघत होते. त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी स्पीकरकडे पाहिलंच नाही. वर पाहिलं, पंखा बंद झाल्यावर बघायचे तसं. मग ते उठले. धावले. जमिनीवर माइकच्या वायरी होत्या. त्या घाईतही त्यांनी पाय गुडघ्याइतका उचलून त्या ओलांडल्या.

"काका कुठे निघाले?" मॅडमनी विचारलं.

"आवडलं नाही वाटतं," रेकॉर्डिस्ट हसत म्हणाला.

मी दाराबाहेर आले. तळघराच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. ट्रेमध्ये काकांचा फोन होता. मी वायर सोडवली आणि कानात घातली.

घुर्रर्र. फुस्स. घुर्रर्र. फुस्स.

चालू होतं. काकूंनी पान उलटलं.

"काकू," मी म्हणाले. मग ओरडले. "काकू, काका येतायत, त्यांना सांगा चालू आहे!" त्यांना ऐकू जाणार नव्हतं. माहीत होतं. तरी ओरडले. मॅडम बाहेर आल्या. मी तशीच पायऱ्या चढून रस्त्यावर आले आणि धावायला लागले. कानात मशीन. त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी पोचले तेव्हा कानात दार उघडलं. बिजागरी मी ओळखली.

"अहो? इतक्यात कसे?" काकू.

श्वास. फार मोठा, फाटलेला. काकूंचा नव्हता.

"चालू आहे," काका म्हणाले.

"काय चालू आहे? बसा आधी. घाम बघा किती."

"चालूच आहे."

"अहो, मशीन चालूच असणार. काय झालं तुम्हाला?"

बूट ठेवायच्या फळीवर कुणीतरी बसल्याचा आवाज. लाकूड करकरलं. मग काहीतरी जड घसरत गेलं. असा आवाज काका कापडात गुंडाळलेल्या वाळूने करायचे.

"अहो," काकू म्हणाल्या.

घुर्रर्र. फुस्स.

"अहो."

मी जिना चढत होते. चार मजले. ते एका दमात चढले होते. त्या वयात. माझ्या कानात काकूंनी आणखी किती वेळा 'अहो' म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मध्ये मध्ये त्या थांबत होत्या. श्वास पुरत नव्हता. नंतर तो एकच आवाज राहिला, घुर्र आणि फुस्स, आणि मी दारात पोचले तेव्हा तो कानातही होता आणि खोलीतही.

काका फळीला टेकून बसले होते. चेहरा मशीनकडे. काकू त्यांच्याजवळ जमिनीवर. नळी ताणली गेली होती, जेमतेम पोचत होती. मी आत पाऊल टाकलं. कुणीही ओरडलं नाही. मी खाली बघून, पाय उचलून नळी ओलांडली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुखणं आधीपासूनच असणार. कुणाला माहीत नव्हतं. तपासायला कोण जातं, ते तर सारखे दुसऱ्याच छातीकडे लक्ष ठेवून होते.

आता काकूंची भाची राहायला आली आहे. ती कामावर जाते तेव्हा ती लाइन मी घेते. घरच्या फोनचा आवाज आता उघडा ठेवला आहे. काकू मधूनच म्हणतात, "आहेस का गं?" मी म्हणते, "आहे." रस्ता ओलांडताना, दुकानात, लिहायला बसले तरी डावा कान तिकडे असतो. आवाज जरा बदलला की असेन तिथे थांबते. बहुतेक वेळा काही नसतं. काकूंनी खुर्ची सरकवलेली असते.

परवा त्यांनी मला सगळं नीट विचारून घेतलं. स्पीकरवर काय वाजलं, कसं थांबलं. मी सांगितलं.

"शिट्टी होती का?"

"नाही."

"खरं मशीन बंद पडलं की किंचाळतं. यांना माहीत होतं. यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?" त्या थांबल्या. श्वास घेतला. "मग कळलं कसं नाही?"

काकू खिडकीकडे बघत होत्या.

"झाली का तुमची गोष्ट?" त्यांनी विचारलं.

"नाही. यंत्र अजून बंद पडलेलं नाही."

"चालू दे मग थोडं," काकू म्हणाल्या.

मॅडमनी शेवटचा भाग पुढे ढकलला आहे. रेकॉर्डिस्टने ती पट्टी पुसून टाकली, मला बोलावून, माझ्यासमोर. तो माझ्या नजरेला नजर देत नाही. काकांच्या टेबलाला कुणी हात लावलेला नाही. नायकाचे बूट तिथेच आहेत. पंपाला पिशवी बांधलेली आहे, भोवती टॉवेल. दांडा पूर्ण वर ओढलेला आहे. खाली दाबायचा राहिला आहे.